कारखान्याच्या बोअरला पिवळं पाणी: उपसा सुरू करण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीत हार्ड क्रोम प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियमचा कठीण मुलामा देण्याचा, वीस वर्षं जुना कारखाना आहे. आवारातल्या ९० मीटर खोल बोअरला फिकट पिवळं पाणी येऊ लागलं. तपासणीत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप, लिटरमागे ४ मिलिग्रॅम निघालं. उताराच्या बाजूला सुमारे ३०० मीटरवर गावातली विहीर आहे. सल्लागार म्हणतात, बोअर दिवसरात्र उपसा, पाणी आरओतून काढा, सहा महिन्यांत स्वच्छ होईल. वर्क्स मॅनेजर विचारतात, हे खरं मानायचं का?

मानू नका. सहा महिन्यांत हे होणार नाही, आणि तो बोअर दिवसरात्र उपसलात तर आज वरच्या थरात असलेलं क्रोमियम खालच्या थरात ओढलं जायची भीती आहे. काय करायचं ते पुढे सविस्तर लिहितो, पण त्याआधी गावातल्या विहिरीचं काम आजच्या आज उरका. त्यासाठी सल्लागाराच्या अहवालाची वाट पाहू नका.

विहिरीच्या मालकाला आणि ग्रामपंचायतीला स्वतः जाऊन सांगा. अहवाल येईपर्यंत ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नये, टँकरचा खर्च कारखाना देईल, हे लेखी द्या. उकळून क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी आणि क्लोरीनचाही उपयोग नाही. हे गावात स्पष्ट सांगा, कारण 'उकळून प्या' हा सल्ला लोक हमखास देतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. तुमच्या बोअरचा आकडा तिच्या ८० पट आहे. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. विहिरीचं पाणी अजून नितळ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. पिवळी झाक डोळ्यांना दिसण्याच्या खूप आधी ही मर्यादा ओलांडलेली असते.

त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. जल कायदा १९७४ च्या कलम ३१ नुसार अशी घटना तातडीने कळवणं बंधनकारक आहे, आणि या कायद्याच्या व्याख्येत जमिनीखालचं पाणीही येतं. 'आधी साफ करू, मग सांगू' असा विचार अनेक जण करतात. त्यात वर्ष जातं, आणि मग गावाचा विश्वास कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

आता सहा महिन्यांचा हिशेब. समजा दूषित पट्टा १५० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि पाण्याखालचा १२ मीटर जाड आहे. आपल्याकडच्या बसाल्टमधून उपसता येईल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या फार तर दोन टक्के धरा. म्हणजे सुमारे २१.६ लाख लिटर. त्यात सरासरी ४ मिलिग्रॅम क्रोमियम, म्हणजे एकूण साडेआठ-पावणेनऊ किलो. तासाला ५००० लिटरच्या पंपाने हे सगळं पाणी १८ दिवसांत वर यायला हवं. कागदावर सहा महिनेही जास्त वाटतात.

दुसऱ्या बाजूने बघा. हार्ड क्रोमच्या टाकीत लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं, त्यातलं शुद्ध क्रोमियम १३० ग्रॅम. म्हणजे त्या अख्ख्या पट्ट्यातल्या पाण्यात विरघळलेलं क्रोमियम टाकीतल्या जेमतेम ६६ लिटर द्रावणाएवढं आहे. आणि टाकीतलं एक लिटर द्रावण २६ लाख लिटर पाण्याला पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. वीस वर्षांत जॉब (मुलामा द्यायचे भाग) टाकीतून काढताना ठिबकलेलं, फ्लोअर धुताना गेलेलं, पिटमधून (जमिनीखालच्या हौदातून) झिरपलेलं द्रावण ६६ लिटरच असेल, असं प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे मुलाम्याच्या विभागात, काम केलेला कुणीही म्हणणार नाही. बाकीचं क्रोमियम शॉपखालच्या मातीत आणि मुरमात आहे, आणि खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलं आहे. तुम्ही भेगांमधलं पाणी उपसता, तेव्हा हे मुरलेलं क्रोमियम हळूहळू भेगेत उतरत राहतं. पंप चालू असतो तोवर आकडा खाली येतो, बंद केला की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. १९९४ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने उपसून शुद्ध करण्याच्या ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ ठिकाणी उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं. तीसेक वर्षांनंतरही या पद्धतीचा स्वभाव तोच आहे.

म्हणून पहिला खर्च शॉपच्या फ्लोअरवर करा. पाहणीला गेलो की मी ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) नंतर बघतो, आधी टाक्यांखाली वाकून बघतो. ॲसिडप्रूफ विटांच्या जोडांमधलं भरण खाल्लेलं असतं. टाकीच्या पायाशी नारिंगी-पिवळी खपली धरलेली असते. पिटच्या कोपऱ्यात एफआरपीचं (फायबरग्लासचं) अस्तर सुटून त्यामागे पोकळी झालेली असते. एका कारखान्यात टाकी हलवून कोबा फोडला, तर खालचा मुरूम हातभर खोलीपर्यंत हळदीसारखा पिवळा निघाला. पाण्यात ढवळून त्यात डायफिनिल कार्बाझाइडचे (हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असेल तर जांभळ्या होणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकले, तर मोजायची गरजच उरली नाही, क्षणात गडद जांभळं झालं. वर टाक्या चालू होत्या, फ्लोअर रोज धुतला जात होता, आणि बाहेर लाखो रुपयांचा पंप आणि फिल्टर बसवायची निविदा निघाली होती. अशा ठिकाणी उपसा म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

टाक्या जमिनीवरून उचलून स्टँडवर घ्या, खाली ट्रे द्या. ड्रॅग-आउट, म्हणजे जॉबला चिकटून बाहेर जाणारं द्रावण, कमी करायला टाकीवरच ठिबकण्याची वेळ वाढवा आणि पहिला रिन्स (धुण्याचं पाणी) पुन्हा टाकीत घ्या. जमिनीखालचे पिट बंदच करून टाका. पिवळा मुरूम जेवढा काढता येईल तेवढा काढा. तो घातक कचरा आहे, रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या अधिकृत सुविधेकडेच गेला पाहिजे, भरावाला कुठेही नाही. या टप्प्याला उत्पादन थांबवावं लागतं, म्हणून व्यवस्थापन तो टाळतं. पण पुढचा प्रत्येक रुपया यावर अवलंबून आहे.

यानंतर तुमचा बोअर. महाराष्ट्राच्या दख्खनी बसाल्टमध्ये काम करताना हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि परदेशी पुस्तकं वाचून आलेला माणूस नेमकं हेच विसरतो.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग कठीण पाषाण, कुठे मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बसाल्ट), मध्ये गेरूचा तांबडा थर, आणि पुन्हा खाली दुसरा लाव्हाचा थर, अशी रचना असते. कठीण पाषाण आणि गेरू हे पाण्याला बऱ्यापैकी अडवतात. म्हणजे वरचं आणि खालचं पाणी निसर्गाने वेगळं ठेवलेलं असतं. आपण बोअर घेतो तेव्हा केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) फक्त मुरमापुरतं टाकतो, खाली ९० मीटरपर्यंत उघडं भोक. केसिंगच्या बुडाशी सिमेंट भरलेलं क्वचितच असतं. बोअरमध्ये कॅमेरा सोडा. केसिंग संपतं तिथून पिवळे ओघळ भिंतीवरून खाली उतरताना दिसले, तर क्रोमियम खोल कसं पोचलं याचं उत्तर मिळालं. अशा बोअरचा खोल पंप चोवीस तास चालवला, तर खालची पातळी उतरते आणि वरचं दूषित पाणी अधिक जोराने खाली येतं. त्या खोल थरावर आसपासच्या पाच-दहा शेतकऱ्यांचे बोअर असू शकतात. पंप नुसता बंद करून बोअर तसाच ठेवणंही बरोबर नाही, कारण गळती चालूच राहते. कॅमेरा आणि क्षारतेचा आलेख घेऊन झाला की वरच्या आणि खालच्या भेगांच्या मध्ये फुगणारा रबरी पॅकर (बूच) बसवा. खोल पाण्याचे नमुने मिळाले की बोअर सिमेंट-बेंटोनाइटने तळापासून वर भरत कायमचा बंद करा. वरून मिश्रण ओतून चालत नाही, पाइप तळाशी नेऊन भरावं लागतं. आवारात जुने, दगड टाकून बुजवलेले बोअर असतील तर तेही शोधा. वॉचमनला आणि जुन्या फिटरला विचारा, नकाशावर ते नसतात.

मग निरीक्षणासाठी नवे बोअर. एका जागी दोन घ्या, एक मुरूम आणि भेगाळलेल्या खडकापुरता, दुसरा त्याखालच्या थरात आणि वरचा भाग नीट सिमेंट करून. अशा तीन-चार जोड्या: शॉपच्या वरच्या अंगाला, शॉपला लागून, हद्दीवर आणि विहिरीच्या वाटेवर. जागा ठरवायला आपल्याकडच्या खडकात काम केलेला भूवैज्ञानिक घ्या. जमिनीचा उतार आणि भेगांची दिशा एकच असेल असं नाही. जवळून डाइक (खडकात उभी घुसलेली लाव्हाची भिंत) जात असेल तर पाणी तिच्या कडेकडेने भलतीकडे वळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तालुक्याच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या जुन्या नोंदी असतात, त्या मागवा. हद्दीवरचा उथळ बोअर चोवीस तास उपसून गावातल्या विहिरीची पातळी हलते का ते पाहा. हलली तर दोन्ही एकाच वाटेवर आहेत.

नमुना घेतानाची एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण चुकीच्या आकड्यांवर मोठे निर्णय झालेले मी पाहिले आहेत. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत ॲसिड घालायचं नाही. ॲसिडमध्ये ते ट्रायव्हॅलंट, म्हणजे क्रोमियमचं दुसरं, कमी घातक रूप, होऊन जातं आणि अहवाल खोटा चांगला येतो. जागेवर गाळा, बर्फात ठेवा, २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. एकूण क्रोमियमची बाटली वेगळी, तिच्यात नायट्रिक ॲसिड. नमुने मे अखेर आणि ऑक्टोबरात, असे वर्षातून दोनदा तरी घ्या. पावसाळ्यात पाणी वाढून क्रोमियम पातळ होईल, हा समज अनेक ठिकाणी उलटा ठरतो. पाणीपातळी वर चढते, मुरमातलं साठलेलं क्रोमियम धुऊन घेते, आणि ऑक्टोबरचा आकडा मेपेक्षा जास्त येतो. फक्त उन्हाळ्यातले आकडे दाखवून कुणी सुधारणा झाली म्हणत असेल तर ती मान्य करू नका.

तपासणीत निकेल आणि ट्रायक्लोरोएथिलीन घालायला विसरू नका. जॉबचं ग्रीस काढायला ट्रायक्लो वापरलं असेल तर तो वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न आहे. ते पाण्यापेक्षा जड असतं, भेगांमधून पाणीपातळीच्या खूप खाली बुडतं आणि तिथे थेंबांच्या रूपात वर्षानुवर्षं राहतं. झिंक किंवा कॉपर लाइन कधी होती का, असेल तर सायनाइडही.

आता उपाय. यात दिलासा देणारी गोष्ट अशी की, क्रोमियमचं रसायनशास्त्र आपल्या बाजूचं आहे. हेक्झाव्हॅलंट रूपात ते पाण्याबरोबर मोकळं फिरतं, आपल्याकडच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात मातीला फारसं चिकटत नाही. ट्रायव्हॅलंट झालं की त्याचा हायड्रॉक्साइड बनतो आणि ते जागच्या जागी बसतं. हे रूपांतर हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा एक क्षार) सहज करते. एक किलो क्रोमियमला हिशेबाने १६ किलो हिराकस. वरच्या उदाहरणातल्या पाण्यातल्या क्रोमियमला दीडशे किलोही लागत नाही, प्रत्यक्षात काही पट धरा. माल स्वस्त आहे, अवघड आहे तो योग्य भेगेपर्यंत पोचवणं.

जमिनीतच रूपांतर करायचं तर आणखी एक मार्ग जिवाणूंचा. त्यांना खाद्य दिलं की ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि त्या वातावरणात क्रोमियमचं रूपांतर होतं. कॅलिफोर्नियातल्या हिंकलीत पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने १९५२ पासून दशकभराहून अधिक काळ कूलिंग टॉवरमध्ये गंज रोखायला हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वापरलं आणि ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं. १९९६ साली रहिवाशांना ३३.३ कोटी डॉलर द्यावे लागले. तिथे आज जमिनीत इथेनॉल सोडून हेच जिवाणूंचं काम करवलं जातं, आणि ते अनेक वर्षं चाललेलं आहे. आपल्याकडे इथेनॉलऐवजी साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) वापरता येते, अमेरिकेतही काही ठिकाणी मळीच वापरली आहे. मळीवर उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असल्याने परवानगी घ्यावी लागेल. लहान चाचणीला गुळाचं पाणीही चालतं.

तुमच्या जागेसाठी मी फेऱ्याची पद्धत सुचवेन. हद्दीवरच्या उथळ बोअरमधून पाणी उपसायचं, त्यामुळे दूषित पाणी गावाकडे जायचं थांबतं. ते वर आणून हिराकस आणि चुन्याने शुद्ध करायचं, गाळ बसवायचा, आणि त्यातल्या काही पाण्यात मळी अगदी पातळ मिसळून शॉपच्या वरच्या अंगाला पुन्हा जमिनीत सोडायचं. म्हणजे खाद्य पाण्याच्याच वाटेने दूषित भेगांमध्ये जातं. जमिनीत काहीही सोडायला मंडळाची लेखी परवानगी हवी, तीशिवाय एक बादलीही नको. डोस थोडा आणि थांबून थांबून द्या. एकदम जास्त दिलात तर बोअरच्या तोंडाशीच शेवाळासारखा चिकट थर वाढून भेगा बंद होतात. वातावरण ऑक्सिजनविरहित झालं की खडकातलं मँगनीज आणि लोह सुटून पाण्यात येतं, त्यामुळे तेही दर वेळी मोजा. मँगनीजचे ऑक्साइड बसलेल्या ट्रायव्हॅलंट क्रोमियमला पुन्हा हेक्झाव्हॅलंट करू शकतात. म्हणून क्रोमियम शून्य दिसलं त्या दिवशी खाद्य तोडायचं नाही, पुढे काही काळ चालू ठेवायचं.

लोखंडाच्या भिंतीबद्दलही विचारलं जातं. नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटीत अमेरिकी तटरक्षक दलाच्या तळावर असंच क्रोम प्लेटिंग शॉप तीसेक वर्षं चाललं होतं. १९९६ साली तिथे पाण्याच्या वाटेवर ४६ मीटर लांब आणि सव्वासात मीटर खोल चर खणून त्यात लोखंडाचा चुरा भरला. पाणी त्यातून आपोआप जातं, क्रोमियम आतच अडकतं. पंप नाही, वीज नाही, आणि ती भिंत वर्षानुवर्षं चांगली चालली. पण तिथली जमीन वाळूची. आपल्याकडे मुरमात सहा-सात मीटरपर्यंत चर निघेल, खाली पाषाणात ब्रेकर लावून भेगा नव्याने मोकळ्या करणं धोक्याचं. तपासणीत दूषित पाणी बहुतांश मुरमातूनच गावाकडे जातंय असं निघालं, तर हद्दीवर अशी भिंत घालण्याचा मी नक्की विचार करेन. खोल भेगांतून जात असेल तर पैसे वाया जातील.

आरओबद्दल एवढंच. तो क्रोमियम नष्ट करत नाही, बाजूला काढतो. रोज हजारो लिटर आणखी दाट पिवळं पाणी तुमच्या हातात येईल, त्याला शेवटी हिराकसच लागेल. मग सुरुवातीलाच हिराकस का नको? शुद्ध केलेलं पाणी प्लेटिंगच्या रिन्सला वापरायचं असेल तर शेवटच्या टप्प्यात आरओ ठेवा. शेताला द्यायचा विचार मंडळाच्या मंजुरीशिवाय करू नका, शेतकऱ्याने मागितलं तरी.

काळ आणि पैशांचं बोलू. फ्लोअर आणि बोअर बंद करणं सहा महिन्यांचं काम आहे. निरीक्षण आणि लहान चाचणी यांना किमान एक पूर्ण पावसाळा हवा. त्यानंतर फेऱ्याची पद्धत पाच ते दहा वर्षं, माझ्या अंदाजाने. व्यवस्थापनाला ही रक्कम मोठी वाटेल, त्यांना राणीपेट दाखवा. तमिळनाडूतल्या त्या क्रोमेट कारखान्याने दीड लाख टनांहून जास्त क्रोमियमयुक्त कचरा उघड्यावर ठेवला, कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला, आणि कित्येक दशकं भूजल पिवळं राहिलं. शिवाय जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत, त्यात सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे. स्वतःहून सुरुवात केलीत तर काम आणि वेग तुमच्या हातात राहील.

गावातली विहीर पुन्हा वापरात कधी द्यायची, याचा निकष आत्ताच लिहून ठेवा आणि ग्रामपंचायतीला द्या. मी तो असा ठेवेन: उपसा आणि डोस दोन्ही बंद केल्यानंतर सलग दोन पावसाळ्यांनंतरचे ऑक्टोबरचे नमुने, विहीर आणि हद्दीवरचे दोन्ही बोअर, सगळीकडे क्रोमियम ०.०५ च्या आत आणि मँगनीज ०.१ च्या आत. नमुने गावाने निवडलेल्या प्रयोगशाळेत, बाटल्या भरताना गावातलं कुणीतरी हजर, बिल कारखान्याचं. तोपर्यंत टँकर चालू.